घसा ठणठणीत, आवाज नाही

"तुमच्याकडे लोक येऊन झोपतात म्हणे?"

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हा प्रश्न मला भर मीटिंगमध्ये विचारला होता. विषय पार्किंगचा चालला होता. बाहेरच्या गाड्या कोणाकडे येतात, किती वेळ थांबतात, असं करत करत चर्चा माझ्या तळमजल्यावरच्या फ्लॅटपाशी येऊन ठेपली. मी म्हटलं, "झोपत नाहीत हो, आडवे होतात. आणि बोलतात." मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "आमचे पण आडवे होतात, पण नुसते घोरतात!" सगळे खो खो हसले, मीही हसले आणि पार्किंगचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मी मनोविश्लेषक. 'होते' म्हणायला हवं, कारण गेल्या वर्षी काम बंद केलं. वाशीतल्या ह्या दोन खोल्यांत पुढच्या खोलीत माझं काम चालायचं आणि मागच्या खोलीत मी आणि माझी आई राहायचो. लग्न मी केलं नाही. आई शेवटची कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळून होती. पुढे पेशंट असला की ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची. भिंतीपलीकडे एक म्हातारी आहे हे माझ्या एकाही पेशंटला कधी कळलं नाही.

कळू द्यायचं नसतं, हाच आमच्या कामाचा पहिला नियम. पेशंटने दिवाणावर आडवं व्हायचं, आम्ही त्याच्या डोक्यामागे, त्याला दिसणार नाही असं खुर्चीत बसायचं. त्याने मनात येईल ते बोलायचं, लाज वाटली तरी, फालतू वाटलं तरी. आम्ही स्वतःविषयी अवाक्षर काढायचं नाही. त्याच्या घरच्या लग्नाला जायचं नाही, त्याचा तिळगूळसुद्धा घ्यायचा नाही. रस्त्यात दिसला तर त्याने ओळख दाखवली तरच दाखवायची, नाहीतर सरळ पुढे जायचं. कारण असं की, समोरचा माणूस कोरा असला तरच पेशंट त्याच्यावर आपली आई, आपला बाप, आपला मोठा भाऊ, कोण कोण आणून बसवतो आणि मग त्यांच्याशी जे बोलायचं राहून गेलं ते बोलतो. ऐकायला छान वाटतं. पण वाशी आहे केवढीशी! महिला मंडळात जावं तर तिथे एक पेशंट, हळदीकुंकवाला जावं तर पेशंटची सासू. हळूहळू मी सगळीकडे जायचं सोडलं. लोक म्हणायचे, डॉक्टरबाई शिष्ट आहेत. म्हणू दे!

दिवाण बनवून घेतला घणसोली गावातल्या एका सुताराकडून. त्याला म्हटलं, माणूस आरामात आडवं होईल, पण झोप लागणार नाही असा बनव. त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं. काय समजला कोण जाणे, पण दिवाण तयार झाला तेव्हा खाली सामान ठेवायला चांगला मोठा खण होता. "बाई, जागा वाया कशाला घालवायची?" पुढची तीसेक वर्षं नवी मुंबईची दुःखं त्या दिवाणाच्या वर आणि आमच्या गोधड्या खाली, असा संसार चालला.

आलेली माणसंही एकेक नमुना. एका आयटीवाल्याला वाटायचं, स्वप्न सांगितलं की मी त्याचा अर्थ पटकन काढून देईन. तो घड्याळाकडे बघत बोलायचा आणि शेवटी विचारायचा, "मॅडम, मग कन्क्लूजन काय?" एक निवृत्त साहेब महिनोन् महिने गप्प पडून राहायचे. एकदा मी हळूच विचारलं, "आज काही सुचत नाहीये का?" तर म्हणाले, "सुचतंय की. पण घरी मला कोणी असं शांत पडू देत नाही." त्यांना मी पुन्हा कधी हटकलं नाही.

मध्यंतरी एका कॉलेजने मला परिसंवादाला बोलावलं. माझ्या आधी एक तरुण मानसशास्त्रज्ञ स्लाइड दाखवून सांगत होती की मनोविश्लेषण आता पाठ्यपुस्तकातला इतिहासाचा धडा आहे, पुराव्यावर टिकत नाही, आताच्या पद्धती थोडक्या बैठकांत गुण देतात. मग माझं नाव पुकारलं. म्हणजे मला इतिहास म्हणूनच बोलावलं होतं! मी चिडले. म्हटलं, बाळ, तू खुर्ची पुढे ओढून पेशंटला "बोला, मी ऐकते आहे" म्हणतेस ना, ती खुर्ची कुठून आली ते बघ.

ते इथे थोडक्यात सांगते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी व्हिएन्नात काही बायका डॉक्टरांकडे यायच्या. कोणाचा हात लुळा, कोणाचे पाय चालत नाहीत, कोणाची वाचा गेलेली. तपासलं तर शरीरात काही नाही. बाकीचे डॉक्टर म्हणायचे, नाटकं आहेत. एक-दोघे मात्र त्यांच्याजवळ बसून राहिले. आधी संमोहन केलं, कपाळावर हात दाबून प्रश्न विचारले. शेवटी एका बाईने सुनावलं की सारखं मधे मधे विचारू नका, मला बोलू द्या. डॉक्टर गप्प बसले आणि तिथून हे शास्त्र सुरू झालं. बोलून बरं होण्याला पहिलं नाव दिलं तेही एका पेशंट बाईनेच. पुढे त्या डॉक्टरांनी, म्हणजे ह्या शास्त्राच्या म्हातारबुवांनी, बायकांबद्दल पुष्कळ अचाट विधानं केली, त्यातली निम्मी मला कधीच पटली नाहीत. आपल्याकडे कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी हे शास्त्र आपलं आपण उभं केलं. व्हिएन्नाच्या म्हातारबुवांशी वर्षानुवर्षं पत्रं चालली, पण दोघांची भेट कधी झाली नाही. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. म्हटलं, ह्या कामातली माणसं सुरुवातीपासून अशीच एकेकटी.

तर ह्या इतिहासातली एक बाई एका दुपारी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

तिला इथे यमुनाबाई म्हणते. खाडीकाठच्या गावातली कोळीण. दिवाळ्याची म्हणा, सारसोळ्याची म्हणा, गाव मी सांगणार नाही, आणि ओळख पटेल असं बाकीचंही बदललं आहे. वाशीतल्या घशाच्या डॉक्टरांनी पाठवली होती. आधी त्यांचा फोन आला. "घसा ठणठणीत आहे. स्वरयंत्र मस्त हलतंय. खोकली की खणखणीत आवाज येतो. बोलायला गेली की गायब. आता तुम्ही बघा."

म्हणजे तिची वाचा गेली नव्हती, आवाज गेला होता. नुसती कुजबुज उरली होती. आता शाळेतल्या बाईंचा आवाज गेला तर त्या रजा घेतील. कोळणीचा आवाज म्हणजे तिचं दुकान. बाजारात ओट्यावर बसायचं तर हाक मारावी लागते, भाव करावा लागतो, चार शिव्या द्याव्या लागतात. मुलगा म्हणत होता, "आता तू घरी बस, ओट्यावर सुनेला बसवू." दिवाळीपर्यंत आवाज आला नाही तर तसं करायचं ठरलंच होतं. सून म्हणून घरात आल्यापासून ती त्या ओट्यावर बसत होती. घरी बसणं म्हणजे तिच्या लेखी मेल्यात जमा होतं. देवऋषी झाला, देवीला नवस झाला, लिंबू उतरवून झालं. डोक्याच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून घशाला शेक घ्यायला जाते असं सांगून ती यायची, बाजार उठल्यावर, आठवड्यातून दोनदा.

पहिल्याच दिवशी दिवाण बघून ती कुजबुजली, "याच्यावर मेलेला मानूस निजवता का?"

आडवी झाली नाही ती नाहीच. दिवाणाला पाठ टेकून खाली फरशीवर बसली, पाय लांब केले. मी नियमाप्रमाणे मागच्या खुर्चीत गेले, तशी ती गर्रकन वळली. "पाठीमागं कनाला बसलीस? समोर ये."

गेले समोर. काय करता! मी खुर्चीत, ती फरशीवर, तोंडासमोर तोंड. इतक्या वर्षांत बोलणाऱ्या पेशंटचा चेहरा मी असा सलग कधी पाहिला नव्हता. आणि माझा चेहरा इतका वेळ कोणी निरखून पाहिला, तेही कधी घडलं नव्हतं. आई गेली त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

यमुनाबाईने लगेच चौकशी सुरू केली. "पोरां किती तुना?" मी गप्प. "नवरा काय करतो?" मी गप्प. "सासू हाय?" मी आपली नियमाला धरून बसलेली. तिने हात ओवाळल्यासारखा केला आणि कुजबुजली, "गो बाय, मुकी मी हाय का तू?"

मला हसू आवरेना. तीही हसली, आवाज न करता, खांदे हलवत.

मग हळूहळू बोलायला लागली. बाजारात तिच्या शेजारी तिची धाकटी जाऊ बसायची. एकाच दिवशी दोघी सासूबरोबर बाजारात गेल्या, तेव्हापासून शेजारी शेजारी. धाकटीचा गळा गोड. ती हाक मारायची आणि यमुनाबाईच्या ओट्यासमोर थांबलेलं गिऱ्हाईक सुद्धा तिकडे वळायचं. दोघी एकाच चुलीवरचं जेवायच्या, एकमेकींच्या पोरांना न्हाऊ-माखू घालायच्या, आणि बाजारात एकमेकींची गिऱ्हाइकं पळवायच्या. एका पावसाळ्यात धाकटीला ताप आला, आणि चार दिवसांत ती गेली.

त्यांच्यात माणूस गेलं की बायका भोवती बसून हेल काढून रडतात, रडता रडता गेलेल्याचे गुण गातात. मोठीने सुरुवात करायची असते. यमुनाबाईने अशी सुरुवात केली की गावाने नाव काढलं. "लोका बोलली, बहिनीला कोन रडत नाय असी मोठी जाव रडली." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, डोळे कोरडे होते. सुतक फिटल्यावर ती बाजारात बसली. धाकटीचं रोजचं गिऱ्हाईक आलं, रिकामा ओटा बघितला आणि हिच्यासमोर येऊन उभं राहिलं. हिने "ये ताई" म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही.

हे तिने बातमी सांगावी तसं सांगितलं. मला मात्र व्हिएन्नाची एक जुनी केस आठवली. तिथल्या एका मुलीचे पाय दुखून दुखून चालेनासे झाले होते. बहिणीच्या मृतदेहाशेजारी उभी असताना क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं होतं की आता आपल्याला आवडणारा मेहुणा मोकळा झाला. तो विचार तिला सोसला नाही, आणि त्याची शिक्षा पायांनी भोगली. पण मला आठवून काय उपयोग? "तुमचं असं झालंय" असं मी सांगून टाकलं तर पेशंट एक तर "छे!" म्हणतो किंवा माझं मन राखायला "हो" म्हणतो. दोन्हीने गुण येत नाही. त्याला आपल्या पायांनी तिथवर यावं लागतं. म्हणून आम्ही गप्प बसतो. माठ आहोत म्हणून नव्हे.

पण दिवाळी जवळ येत चालली होती आणि मी आतून पार धास्तावले होते. सून बाजारात बसायला लागलीही होती. यमुनाबाई मागे बसून नुसती मासळी कापून द्यायची. "माझे मागं मीच बसलीय," ती एकदा म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटायला लागलं, ते परिसंवादवाले खरं बोलतात. आपलं शास्त्र म्हातारं झालं, आपणही झालो, आणि ह्या बाईचा ओटा आपल्या डोळ्यांदेखत जाणार.

एका दुपारी, काही विशेष ठरवून नाही, मी विचारलं, "धाकटी गिऱ्हाइकाला हाक कशी मारायची?"

"तशी कोनी नाय मारायची," ती कुजबुजली. मग हात कमरेवर ठेवला, हनुवटी वर केली, एक डोळा बारीक केला. समोर यमुनाबाई नव्हतीच, दुसरीच कोणी बाई बसली होती. आणि तिने हाक मारली.

"ए ताईऽऽ! ये गो माझे बाय! बोंबील बघ कसं उड्या मारतान!"

खोली हादरली. शपथेवर सांगते, कपाटाची काच थरथरली. वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली आणि आमच्या पोंक्षेबाई ओरडल्या, "ए मासेवाली, थांब गं! आले खाली!"

यमुनाबाईने दोन्ही हात तोंडावर दाबले. डोळे हे एवढे झाले. बोटांच्या फटीतून म्हणाली, "यो माझा नाय. तिचा हाय." पण हे ती कुजबुजली नव्हती. घोगऱ्या, जाड, तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली होती.

मी हललेसुद्धा नाही. पोंक्षेबाई खाली येऊन पिशवी घेऊन इकडे तिकडे बघून परत गेल्या असाव्यात. मग ती म्हणाली, "ती गेली तवा मना बरा वाटला. तिचा आंग धरून मी रडत व्हती, नि मनात आला, आता गिऱ्हाईक सगला माझा. खोटी रडली गो मी. सगला गाव खोटा रडवला."

आणि मग ती जी रडली, ते गावाने नाव काढावं असं रडणं नव्हतं. नाक गळत होतं, शब्द नव्हते. धाकटीसाठी ती पहिल्यांदा रडत होती.

बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून तिने मला विचारलं, "तुना कदी असा झाला हाय? कोन मेला नि बरा वाटला?"

आणि ती थांबली. उत्तराची वाट बघत, माझ्या तोंडाकडे बघत. पेशंट प्रश्न विचारतात, पण त्यांना उत्तर नको असतं, ते बोलत पुढे जातात. हिला उत्तर हवं होतं. मागच्या खोलीतली आईची कॉट मी अजून काढली नव्हती. आई गेली त्या सकाळी तिची पाठ पुसायला पाणी तापवायचं नाही, हे लक्षात आल्यावर मला किती हलकं वाटलं होतं, हे मी जगात कोणाला बोलले नव्हते. बोलणार कोणाला?

मी होय म्हणून मान हलवली. बस्स, एवढंच. आमच्या शास्त्रात हे बसत नाही, मला ठाऊक आहे.

"हां," ती म्हणाली. आणि माझ्या पायावर हात ठेवून उठली.

त्यानंतर थोड्या वेळा आली. आवाज राहिला. दिवाळीच्या आत ती ओट्यावर पुढे बसली आणि सून मागे गेली. शेवटच्या दिवशी जरा घुटमळत म्हणाली, "देवीला कोंबडा दिला. गाव बोलतो देवीनं केला. तुजा नाव नाय घेतला मी. राग आला?"

"नाही," मी म्हटलं. खरं होतं ते. म्हणजे, त्या वेळी खरं होतं.

तिचा आवाज त्या एका खोलीत ऐकला तेवढाच. बाजारात तो कसा लागतो हे ऐकायची मला फार इच्छा होती, पण पेशंटच्या ओट्यासमोर जाऊन उभं राहणं आमच्यात बसत नाही. मासे मी दुसरीकडून आणायची. मग बाकीचेही पेशंट एकेक करत संपले, गेल्या वर्षी मी दारावरची पाटी काढली. माणसं म्हणाली, आता मोकळ्या झालात, आता फिरा, चार लोकांत मिसळा. चार लोक आणायचे कुठून? तीसेक वर्षं वाशीची गुपितं ऐकली, पण सहज घरी जाऊन चहा टाक म्हणावं असं एकही घर मी जोडलं नाही. शेवटी एका सकाळी पिशवी घेतली आणि पास दाखवून बसने तिच्या बाजारात गेले. आता मी कोणाची डॉक्टर नाही, आता कसला नियम, असं स्वतःला समजावत गेले.

फाटकातूनच ऐकू आला. घोगरा, जाड, सगळ्या बाजाराच्या वर चढणारा. ती एका गिऱ्हाइकाला झाडत होती आणि दुसऱ्याला बोलावत होती, एकाच श्वासात. शेजारी सून मासळी मांडत होती. मी जाऊन समोर उभी राहिले. बोलले मात्र नाही. सवय.

यमुनाबाईने मान वर केली. बघितलं. ओळखलं तिने, त्यात शंकाच नाही, सुरी हातात तशीच थांबली. सुनेचं लक्ष गेलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि विचारलं, "कोन गो आये? वलखीची हाय का?"

"नाय गो," यमुनाबाई म्हणाली. "गिऱ्हाईक हाय."

मोठ्याने म्हणाली, ठणठणीत. बरोबरच होतं तिचं. गावासाठी तिला देवीने बरं केलं होतं, आणि त्यात माझी जागा कुठेच नव्हती. तरी मला फार लागलं ते. तिने विचारलं, "काय देऊ ताई?" आणि मी म्हटलं, "बोंबील द्या."

तिने निवडून दिले, साफ करून दिले, आणि तिची पुढची हाक मी फाटकाबाहेर पडेपर्यंत पाठीमागून ऐकू येत होती. घरी आले, एकटीपुरतं कालवण केलं. जेवायला बसले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून मी तेवढे दोनच शब्द बोलले होते, आणि ते ऐकणारी तीच होती.